'शाश्वत' या विशेषणाविषयी : ग्रामीण पाणीपुरवठ्याच्या परिभाषेची एक चिकित्सा

ग्रामीण पाणीपुरवठ्यासंबंधी मराठीत गेल्या काही दशकांत जे शासकीय व अर्धशासकीय लेखन झाले आहे, त्याच्या वाचकास एक विशेषण पानोपानी भेटते. ते विशेषण 'शाश्वत' हे होय. स्रोत शाश्वत, योजना शाश्वत, विकास शाश्वत, आणि अलीकडे तर व्यवस्थापनही शाश्वत. इंग्रजी 'सस्टेनेबल' या शब्दाचा हा पर्याय कोणी व केव्हा रूढ केला, याचा शोध येथे अभिप्रेत नाही. तो रूढ झाला आहे. ज्या व्यवहारासाठी तो योजला जातो त्या व्यवहाराविषयी तो काय सांगतो आणि काय सांगावयाचे राहून जाते, एवढ्याच प्रश्नाचा विचार येथे करावयाचा आहे.

हा प्रश्न केवळ शब्दाचा आहे, असे वरवर पाहता कोणी म्हणेल. परंतु पाणीपुरवठ्याच्या क्षेत्रात बांधकाम ही अडचण फारशी कधीच नव्हती. अडचण आहे ती बांधलेले चालू ठेवण्याची. ग्रामीण पाणीपुरवठ्याच्या एका आंतरराष्ट्रीय जाळ्याने २००९ साली सहारा वाळवंटाच्या दक्षिणेकडील वीस आफ्रिकी देशांची आकडेवारी एकत्र केली, तेव्हा तेथील हातपंपांपैकी सुमारे ३६ टक्के पंप बंद असल्याचे आढळले. म्हणजे दर तीन पंपांमागे एकाहून अधिक पंप नुसता उभा होता. ज्या विषयाचे मर्मच 'चालू ठेवणे' हे आहे, त्या विषयात 'चालू ठेवणे' या अर्थाचा शब्द कोणता निवडला गेला, हे पाहणे निरर्थक ठरू नये.

'सस्टेन' या क्रियापदाच्या मुळाशी लॅटिन 'सस्टिनेरे' आहे. त्याचा अर्थ खालून धरणे, तोलून धरणे. धरणाऱ्याचा हात दमतो, तो बदलावा लागतो, हे त्या धातूतच गृहीत आहे. जर्मन भाषेत याच कल्पनेचा शब्द वनशास्त्रातून आला. सॅक्सनीतील फ्रायबर्गच्या खाणींना लागणाऱ्या लाकडाची चिंता करीत हान्स कार्ल फॉन कार्लोवित्स याने १७१३ साली जो ग्रंथ प्रसिद्ध केला, त्यात पुढेही मिळत राहील अशा बेताने वृक्षतोड करावी, असा विचार मांडलेला आहे. १९८७ च्या ब्रुंट्लँड अहवालानंतर ही कल्पना जगभर पसरली आणि प्रत्येक भाषेने तिला आपापल्या घरातला शब्द दिला. फ्रेंचने 'टिकाऊ' या अर्थाचा शब्द घेतला. हिंदीने 'सतत' आणि 'टिकाऊ' असे दोन्ही वापरून पाहिले. स्वाहिलीने 'एन्देलेवु' हे विशेषण 'एन्देलेआ', म्हणजे पुढे चालत राहणे, या क्रियापदापासून साधले. त्या भाषेत 'विकास' यासाठी असलेला 'माएन्देलेओ' हा शब्दही त्याच क्रियापदाचा, त्यामुळे 'शाश्वत विकास' म्हणताना स्वाहिली भाषक जवळजवळ 'चालत राहणारी चाल' असे म्हणतो. मराठीने मात्र काळाच्या पलीकडचा शब्द उचलला. आत्मा शाश्वत, धर्म शाश्वत, सत्य शाश्वत, आणि त्याच पंक्तीत विंधन विहीर शाश्वत!

येथे एका गमतीच्या गोष्टीची नोंद केली पाहिजे. 'शाश्वत' हे ज्या 'शश्वत्' या अव्ययापासून सिद्ध झाले, त्या अव्ययाचा एक जुना अर्थ 'पुनःपुन्हा' असा आहे. अमरकोशात 'शश्वत्' हा शब्द वारंवारतेच्या अव्ययांबरोबर दिला आहे, तर 'शाश्वत' हा 'ध्रुव', 'नित्य' आणि 'सनातन' यांच्या ओळीत बसवला आहे. अव्ययातून विशेषण घडताना अर्थ आवर्तनाकडून अक्षयतेकडे सरकला. जे पुन्हा पुन्हा केले जाते ते, यापासून जे कधी करावेच लागत नाही ते, येथपर्यंत हा प्रवास झाला. पाणीपुरवठ्याला खरी गरज होती ती अव्ययाची. परिभाषेने पसंत केले विशेषण.

अर्थात एका विशेषणावर एवढा भार टाकणे अन्यायाचे होईल. 'शाश्वत' हा शब्द ज्या वाक्यरचनेत नांदतो ती रचना अधिक बोलकी आहे. योजनेच्या उभारणीविषयी शासकीय मराठी लिहिते, तेव्हा 'विहीर खोदण्यात आली', 'टाकी बांधण्यात आली', 'योजना कार्यान्वित करण्यात आली' अशी वाक्ये येतात. कर्त्याचे नाव यांत नसते. तथापि 'करणे', 'खोदणे', 'बांधणे' ही सकर्मक क्रियापदे असल्यामुळे करणारा कोणी तरी आहे हे व्याकरणच सांगते. तीच योजना थांबली की वाक्याची जात बदलते. 'पंप बिघडला', 'पातळी खालावली', 'विहीर आटली', 'योजना बंद पडली'. ही सारी अकर्मक क्रियापदे होत. येथे कर्ता लपलेला नसतो. त्याला वाक्यात जागाच नसते. मराठीला यांची प्रयोजक रूपे अपरिचित नाहीत. बिघडणे आणि बिघडवणे, आटणे आणि आटवणे या जोड्या सर्वांच्या तोंडी आहेत, आणि 'बंद पडणे' व 'बंद पाडणे' यांत तर एका स्वराच्या लांबीचेच अंतर आहे. तेवढे अंतर ओलांडावयास अहवाल सहसा तयार नसतो.

याला उत्तर म्हणून असे म्हटले जाईल की गावकरीही 'हापसा मोडला' असेच म्हणतो, 'हापसा मोडवला' असे म्हणत नाही. हे खरे आहे. अकर्मक रचनेकडे मराठीचा स्वाभाविक कल आहे आणि त्यामागे कोणाचा कट शोधण्याचे कारण नाही. आक्षेप आहे तो विषमतेवर. गावकरी 'हापसा आला' आणि 'हापसा मोडला' ही दोन्ही वाक्ये अकर्मकच बोलतो. शासकीय गद्य मात्र यशाला सकर्मक आणि अपयशाला अकर्मक क्रियापद देते.

केंद्र शासनाच्या वर्गवारीत ही विषमता कळसास पोहोचते. १९७२-७३ साली त्वरित ग्रामीण पाणीपुरवठा कार्यक्रम सुरू झाला, तेव्हा त्याचा विषय 'समस्याग्रस्त गावे' हा होता. १.६ किलोमीटरच्या आत स्रोत नाही, पाणी १५ मीटरहून खोल आहे, अथवा पाण्यात क्षार, लोह किंवा फ्लोराइड अधिक आहे, अशा गावांना ही संज्ञा होती. माणशी दररोज ४० लिटर आणि २५० लोकांमागे एक हातपंप वा सार्वजनिक नळ हे प्रमाण ठरले. पुढे वस्त्यांची विभागणी 'अनाच्छादित', 'अंशतः आच्छादित' आणि 'पूर्णतः आच्छादित' अशी झाली. एकदा आच्छादित झालेली वस्ती पुन्हा पाण्याविना राहू लागली, तेव्हा तिच्यासाठी इंग्रजीत जी संज्ञा आली तिचा शब्दशः अर्थ 'मागे घसरलेली वस्ती' असा होतो. वाक्याचा कर्ता येथे वस्ती आहे. पंप जुना झाला असेल, शेजारच्या बागाईतदाराने खोल विंधन घेतले असेल, दुरुस्तीचा निधी आला नसेल. पण घसरली ती वस्ती! नापास झालेल्या विद्यार्थ्याविषयी जसे बोलावे, तसे हे बोलणे आहे. या संज्ञेखाली देशातील वस्त्या वर्षानुवर्षे मोजल्या गेल्या आणि त्या मोजणीतून निधीचे वाटप ठरले, हे ध्यानात घेतले म्हणजे व्याकरणाचा प्रश्न किती दूरवर जातो ते कळते.

या सर्वांहून वेगळी, आणि अभ्यासकास अधिक आशादायक वाटणारी, अशी एक कथा हातपंपाची आहे. तिचा आरंभ महाराष्ट्रात आहे. साठीच्या दशकात कठीण खडकात वेगाने विंधन घेणारी यंत्रे देशात आली आणि त्यांवर बिडाचे पंप बसवले गेले. हे पंप मुळात एका कुटुंबाच्या अंगणापुरते होते, गावाच्या रांगेपुढे ते टिकेनात. त्या सुमारास जालना आणि सोलापूर येथील मिशनांच्या कार्यशाळांत पोलादी, एकाच खुंटावर फिरणाऱ्या दांड्याचे पंप तयार झाले. सत्तरीच्या दशकाच्या मध्यास युनिसेफ, मद्रासची रिचर्डसन अँड क्रुडास ही कंपनी आणि भारतीय संशोधन संस्था यांनी सोलापूरच्या पंपाचा पाया घेऊन नवा पंप सिद्ध केला आणि कोइमतूरजवळ तो कसोटीस लावला. तोच 'इंडिया मार्क दोन' होय. त्यावर कोणाचे एकस्व घेतलेले नाही, आणि भारताबाहेर, विशेषतः आफ्रिकेत, तो फार मोठ्या संख्येने गेला. महाराष्ट्रातील गावांनी त्याचे नाव 'हापसा' असेच चालवले. 'हातपंप' हा शासकीय शब्द वस्तूचे वर्णन करतो. 'हापसा' हा 'हापसणे' या क्रियापदाचा सोबती असून त्यात दांड्यावर पडणाऱ्या शरीराचा भार ऐकू येतो.

पंप चांगला होता, तरी त्याची दुरुस्ती अवघड होती. विहिरीतला दट्ट्या काढावयाचा तर नळांची सगळी माळ वर ओढावी लागे. त्यासाठी तिकाटणे, चारपाच माणसे आणि तालुक्याहून येणारी गाडी लागे. तमिळनाडूत यासाठी गावचा रखवालदार, गटाचा मेकॅनिक आणि जिल्ह्याचे फिरते पथक अशी तीन पायऱ्यांची रचना झाली. १९८१ साली संयुक्त राष्ट्रांचा विकास कार्यक्रम व जागतिक बँक यांनी हातपंपांचा जो प्रकल्प हाती घेतला, त्याने या अवलंबनावर बोट ठेवले आणि एक आद्याक्षरी संज्ञा प्रचारात आणली : 'व्हीएलओएम'. तिचा अर्थ 'गावपातळीवर चालवणे व देखभाल करणे' असा होता. याच विचारातून पुढे 'इंडिया मार्क तीन' आला. त्याचा उभा नळ रुंद असल्याने नळ न उपसता दट्ट्या वर घेता येतो.

परंतु त्या संज्ञेच्या शेवटच्या अक्षराचे पुढे काय झाले, ते पाहण्यासारखे आहे. त्याच प्रकल्पाच्या परिपक्व लेखनात 'एम' म्हणजे 'देखभाल' न राहता 'देखभालीचे व्यवस्थापन' झाले. प्रकल्पाचा हेतू प्रामाणिक होता. गावाने स्वतः पाना हाती धरलाच पाहिजे असे नाही, गावाने मिस्त्री निवडावा, त्याला पैसे द्यावेत आणि त्याच्यावर अधिकार चालवावा, असे त्याला म्हणावयाचे होते. विचार म्हणून तो अधिक पक्व आहे. मात्र आद्याक्षर तेच राहिल्यामुळे बदल नजरेआड झाला, आणि कार्यालयांतून ज्या अर्थाने ही संज्ञा प्रत्यक्ष वापरली गेली तो अर्थ बहुधा 'आता गावाने पाहावे' एवढाच उरला. जबाबदारी गावाकडे गेली. अधिकार, सुटे भाग आणि पैसा तिच्यामागून गेलेच, असे म्हणता येत नाही. संक्षेप अर्थांतर झाकून ठेवतो हे भाषाशास्त्रात नवे नाही. येथे त्याची किंमत पाण्याने मोजली गेली, इतकेच.

'लोकसहभाग' या शब्दाचीही अशीच परीक्षा व्हावयास हवी. मलावी देशात १९६८ पासून मुलांजे पर्वतरांगेच्या झऱ्यांचे पाणी गुरुत्वाने नळांतून गावांत आणण्याच्या योजना झाल्या. चर लोकांनी खणले, नळ लोकांनी पुरले. लोकसहभागाचे उत्तम उदाहरण म्हणून या योजना दीर्घकाळ सांगितल्या जात. एलिझाबेथ क्लेमायर या अभ्यासिकेने २००० साली प्रसिद्ध केलेल्या परीक्षणात मात्र असे दिसले की छोट्या व नव्या योजना बऱ्या चालल्या होत्या, मोठ्या योजना खालावल्या होत्या, आणि एकंदरीत सुमारे निम्म्या योजनांची स्थिती असमाधानकारक होती. ज्यांनी खणले त्यांना पुढे दूरच्या मुख्य नळाची दुरुस्ती करता येत नव्हती, आणि ती त्यांची आहे असे त्यांना वाटावे अशी व्यवस्थाही नव्हती. 'सहभाग' हा शब्द श्रमाच्या एका हंगामाला लागू पडला, त्यानंतरच्या वर्षांना नाही. टांझानियाने १९७१ साली वीस वर्षांत प्रत्येक घरापासून ४०० मीटरच्या आत पाणी नेण्याचा संकल्प केला होता. तेथे शासन बांधील आणि शासनच चालवील, अशी भूमिका होती. १९९१ उजाडले तरी संकल्प अपुरा राहिला आणि त्या वर्षीच्या जलधोरणापासून खर्चाचा भार लोकांकडे सरकू लागला. एका देशाने लोकांचे हात घेतले, दुसऱ्याने लोकांना हात लावू दिला नाही; देखभालीचा प्रश्न दोन्हीकडे उरला.

यावर उपाय म्हणून जुन्या ग्रामव्यवस्थेकडे परत जावे, असे सांगणारे लेखन मराठीत विपुल आहे. बारव, आड, पाणवठा या शब्दांभोवती त्याने एक हळवे वलय निर्माण केले आहे. त्या शब्दांत शिकण्यासारखे आहे, हे मान्य केले पाहिजे. धुळे व नाशिक भागांतील पांझरा, मोसम इत्यादी नद्यांवरची फड पद्धती सिंचनाची होती, पिण्याच्या पाण्याची नव्हती. तरीही तिची परिभाषा पाहण्याजोगी आहे. पाटकरी, हवालदार, जागल्या ही तिची मुख्य पदे. तिन्ही शब्द माणसांचे आहेत. पाणी कोण सोडतो, कोण राखतो आणि चुकल्यास कोणाला विचारावयाचे, हे त्या व्यवस्थेच्या शब्दसंग्रहावरूनच कळते. आजच्या परिभाषेत त्यांच्या जागी 'यंत्रणा', 'घटक' आणि 'समिती' आहेत.

पण पाणवठा सर्वांचा होता, हे मात्र खरे नाही. मुंबई विधिमंडळाने १९२३ साली सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करणारा ठराव संमत केला, महाडच्या नगरपालिकेने चवदार तळे खुले असल्याचे जाहीर केले, आणि तरीही २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर व त्यांच्या अनुयायांनी त्या तळ्याचे पाणी घेतले तेव्हा काय घडले, हे सर्वज्ञात आहे. पुढे जो दावा चालला, त्यात स्पृश्य वादींची भिस्त वहिवाटीवर होती : अस्पृश्यांना दूर ठेवण्याची ही रूढी अनादि आहे, असा तो युक्तिवाद. १९३७ साली मुंबई उच्च न्यायालयाने निकाल देताना ही रूढी अनादि असल्याचे सिद्ध झाले नाही, असे ठरवले. 'शाश्वत' आणि 'सनातन' हे शब्द अमरकोशात शेजारी बसतात, हे वर सांगितले आहे. पाण्याविषयी अनादित्वाचा दावा एकदा न्यायालयात तपासला गेला आणि टिकला नाही, ही गोष्ट त्या विशेषणाचा सढळ वापर करणाऱ्यांनी विसरू नये. 'गाव योजना चालवील' या वाक्यातील 'गाव' म्हणजे कोण, हा प्रश्न १९२७ पासून खुला आहे. जल जीवन मिशनच्या मार्गदर्शक सूचनांत पाणी समितीवर निम्म्या स्त्रिया आणि एकचतुर्थांश दुर्बल घटकांचे प्रतिनिधी असावेत असे म्हटले आहे, त्याचे कारण हेच.

स्त्रियांचा उल्लेख आला म्हणून एक शब्दविचार. 'मिस्त्री' हा शब्द पोर्तुगीज 'मेस्त्रे' पासून आला. राजस्थानात तिलोनिया येथील संस्थेने खेड्यांतील तरुणांना पंपदुरुस्ती शिकवून मिस्त्री केले, आणि १९९० च्या दशकात उत्तर प्रदेशातील बांदा जिल्ह्यात महिला समाख्या कार्यक्रमाने अल्पशिक्षित स्त्रियांना हीच विद्या दिली. आता मराठीत अशा स्त्रीस काय म्हणावे? 'मिस्त्रीण' म्हटले तर तिचा अर्थ 'मिस्त्रीची बायको' असा होतो. पाटलीण आणि वकिलीण यांची तीच गत आहे. 'शिक्षिका', 'परिचारिका' असे संस्कृत प्रत्ययाचे शब्द स्वतंत्र व्यवसाय दाखवतात, पण पाना, तिकाटणे आणि वॉशर यांच्या जगात ते परके वाटतात. हांडा घेऊन रांगेत उभी राहणारी स्त्री भाषेला पूर्ण परिचित आहे. तोच हापसा उघडून वॉशर बदलणाऱ्या स्त्रीसाठी नाम अजून घडावयाचे आहे.

शेवटी 'स्रोत'. संस्कृतात हा शब्द वाहण्याचा आहे. मराठी पाणीपुरवठ्यात तो विहिरीला किंवा विंधनाला, म्हणजे जेथून काढून घेतले जाते त्या भोकाला, लावला जातो, आणि त्यास 'शाश्वत' हे विशेषण जोडले की पाणी तेथे आपोआप येत राहील असा भास पुरा होतो. १९९३ च्या महाराष्ट्र भूजल अधिनियमाने सार्वजनिक पिण्याच्या स्रोताच्या ५०० मीटर परिसरात परवानगीवाचून नवी विहीर घेण्यास मनाई केली, ती या भासाला विरोध करणारी होती. तिचा अंमल किती झाला, हे टँकरच्या फेऱ्यांवरून दिसतेच. १५ ऑगस्ट २०१९ रोजी घोषित झालेल्या जल जीवन मिशनने माणशी दररोज ५५ लिटर हे प्रमाण ठेवले आणि 'कार्यरत नळजोडणी'ची व्याख्या करताना पुरेसे, विहित गुणवत्तेचे आणि दीर्घकाळ नियमित मिळणारे पाणी, अशा तीन अटी घातल्या. व्याख्या उत्तम आहे. मात्र 'दीर्घकाळ' ही अट जोडणीच्या दिवशी मोजता येत नाही, आणि फलकावर चढतो तो जोडणीचाच आकडा. मिशनची २०२४ ची मुदत आता २०२८ पर्यंत वाढवली आहे. वाढीव वर्षांत नव्या जोडण्या मोजावयाच्या की जुन्या नळांतले पाणी, हे ज्या शब्दांत विचारले जाईल त्यावर बरेच अवलंबून राहील.

मराठीत देखभालीचे जवळजवळ सर्व शब्द पाहण्याचे आहेत. 'देखभाल'चे दोन्ही अवयव पाहण्याचेच, 'देखरेख' त्याच कुळातला, आणि 'निगा' हा फारसी 'निगाह', म्हणजे दृष्टी. विहिरीवरची दगडी थारोळी, रहाट, दोर हे सारे दिसणारे होते, तोवर हे शब्द पुरेसे होते. हापसा आणि विंधन यांचा महत्त्वाचा भाग जमिनीखाली आहे, तेथे दृष्टी पोहोचत नाही. अहिल्यानगर जिल्ह्यातील हिवरे बाजार या गावाने यासाठी वेगळा शब्द उचलला : 'ताळेबंद'. पर्जन्यमापकावरचा पाऊस आणि निरीक्षण विहिरींतली पातळी यांवरून दर वर्षी पाण्याचा ताळेबंद मांडावयाचा, पिण्याचे पाणी प्रथम बाजूला काढावयाचे, आणि उरलेल्यात कोणती पिके घ्यावयाची ते ग्रामसभेत ठरवावयाचे, असा तेथील क्रम आहे. हा हिशेबनिसाचा शब्द आहे. त्यात जमेची बाजू आहे, खर्चाची बाजू आहे, खाली सही करणारे कोणी तरी आहे, आणि वर्ष संपले की तो पुन्हा नव्याने मांडावा लागतो.